तीनाचे सहा

आमच्या घरी तीन किलोवॅट.
म्हणजे ओव्हन चालू तर वॉशिंग मशीन बंद,
मी केस वाळवत असताना
लिव्हियोनं इस्त्रीला हात लावायचा नाही.
एका म्यानात दोन तलवारी.
ट्रिएस्तेतली निम्मी लग्नं या हिशोबावर टिकली,
उरलेली यावरूनच मोडली.

हिशोब चुकला की खट्.
मीटर तळाशी, आम्ही चौथ्या मजल्यावर.
लिव्हियो अंधारात पायानंच सपाता शोधायचा
आणि उतरायचा ब्याऐंशी पायऱ्या,
माझ्या नावानं काहीबाही पुटपुटत.
दुसऱ्या मजल्यावर आर्जियाबाई दार उघडून उभ्या,
हातात मेणबत्ती.
"पाय सांभाळा," म्हणायच्या.
काय भली बाई, मी म्हणायचे,
आपल्या अंधारासाठी स्वतःची मेणबत्ती जाळते.

यंदा गॅस काढून टाकला.
इंडक्शन शेगडी आणली, धुतलेल्या पाटीसारखी काळी,
तिनं पास्त्याच्या पाण्यापायी
पहिल्याच दिवशी तीनदा घर विझवलं.
मी कंपनीला फोन केला : सहा द्या.
सहा आत्ता देते, पलीकडची मुलगी म्हणाली,
पण वर येणारी तुमची वायर म्हातारी आहे,
तिला सोसायचे नाहीत.

मंगळवारी मिओद्राग आला.
बाहेर बोरा वारा खिडक्यांना धडका देत होता,
लिव्हियो बंदरावर, बोटीचे दोर आवळायला.
जिन्याच्या भिंतीतून त्यानं जुनी वायर ओढली,
कापडात गुंडाळलेली, वाळल्या वेलीसारखी कडक,
ती दुसऱ्या मजल्यापाशी अडली.
त्यानं पेटीचं झाकण काढलं. मला हाक मारली.
"तुमच्या वायरीला इथे फांदी फुटलीय, बाई."
फांदी भिंतीत शिरून
आर्जियाबाईंच्या घरात गेली होती.
"दहा-बारा वर्षांची. धुळीवरून सांगतो.
आणि हे आमच्यातल्या कुणाचं काम नाही. गाठ बघा.
बोटीवरचा माणूस."

गाठीवर पिवळी चिकटपट्टी.
आमच्या दारामागे एक छत्री आहे,
वाऱ्यानं मोडलेली,
तिच्या मुठीला हीच पट्टी.

माझ्याही आत खट् झालं.
मी तिथेच पायरीवर बसले.
तिचा नवरा गेला, पेन्शनचे कागद कुठेतरी अडकले,
तिची वीज कापली असं कुणी म्हणालं होतं.
पुढे काय झालं, मी विचारलं नव्हतं.
एक फ्रिज असेल. एक दिवा.
थंडीत पायाशी ठेवायला लहानसा हीटर.
मी केक भाजायला ठेवायचे
आणि दोन मजले खाली तिचा अंधार व्हायचा
आणि ती मेणबत्ती लावून दारात यायची.

"कापू?" मिओद्रागनं विचारलं. पक्कड हातात.
आर्जियाबाईंचं दार बंद होतं.
दाराखालच्या फटीत उजेड,
उजेडात दोन पावलांची सावली.
हलत नव्हती.

"ती पट्टी काढ," मी म्हणाले,
दाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं,
"आणि नीट जोड. जाड वायर घाल. वेगळा स्विच दे."
"असं करता येत नाही."
मी कॉफी आणली. केक आणला.
असं करता येत नाही, तो संध्याकाळपर्यंत म्हणत राहिला,
आणि करत राहिला.

रात्री मी सगळं एकदम लावलं :
ओव्हन, मशीन, शेगडी, उगाचच इस्त्रीसुद्धा.
लिव्हियो अर्धा उठलेला, एक पाय सपातेत.
थांबला. ऐकत राहिला.
काहीच झालं नाही.
आता काय करावं ते कळेना त्याला. परत बसला.

"किती घेतलेस?"
"सहा."
"आपल्या दोघांना?"

मी छत्रीकडे पाहिलं नाही.
"मोजून घेतलेत," म्हणाले.
"पाणी उकळलंय. मीठ टाक."